हवेने थंड होणारी पोर्शे ९११ : एका आडमुठ्या मांडणीची ३५ वर्षे आणि आजची देखभाल

यंत्रवेध

जुन्या गाड्यांची चर्चा बहुतेक वेळा रूप, वेग आणि किंमत यांपलीकडे जात नाही, आणि पोर्शे ९११ च्या बाबतीत तर ती किमतीपाशीच अडकते. या धाग्यात मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. १९६३ ते १९९८ या काळातल्या, हवेने थंड होणाऱ्या ९११ चा सगळा इतिहास हा एका निर्णयाचे परिणाम निस्तरण्याचा इतिहास आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवायचे, हा तो निर्णय. त्याचे फायदे खरे होते आणि तोटेही खरे होते. कारखान्याने तोटे एकेक करून कमी केले, पण मांडणी सोडली नाही. आज ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांची देखभालीची निम्मी कामेसुद्धा त्याच निर्णयातून निघतात, असे माझे मत आहे.

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली स्टुटगार्टमध्ये आपले आरेखन कार्यालय काढले आणि फोक्सवागनची बीटल त्याच कार्यालयात आकाराला आली. महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांमुळे १९४४ मध्ये बिऱ्हाड ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी हलवावे लागले. पोर्शे हे नाव लावणारी पहिली गाडी, म्हणजे ३५६ क्रमांक १, तिथेच तयार झाली आणि ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर धावण्याचा परवाना मिळाला. या एकुलत्या एका गाडीत इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विक्रीसाठी बनवलेल्या ३५६ मध्ये ते बीटलप्रमाणे चाकांच्या मागे गेले, कारण तसे केल्याने आसनांच्या मागे सामानाला आणि दोन लहान मुलांना जागा मिळत होती आणि खर्चही आटोक्यात राहत होता. म्हणजे ज्या मांडणीला पुढे जवळजवळ धर्मश्रद्धेचे स्वरूप आले, तिचा उगम अगदी व्यवहारी होता.

१९५० मध्ये उत्पादन स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आले. ३५६ ला वारस शोधण्याचे काम पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. चार मोठी माणसे बसतील अशी गाडी करावी की नाही यावर बराच खल झाला, पण फर्डिनांड यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.२ मीटरच्या आसपासच राहील अशी मर्यादा घातली आणि प्रश्न निकालात काढला. त्यांचे चिरंजीव फर्डिनांड अलेक्झांडर यांनी जी आकृती काढली तिच्यात छपरापासून मागच्या बंपरपर्यंत एकच उतरती रेषा होती. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या क्रमांकाने मांडली गेली. मधले शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने आपला हक्क सांगितल्यावर १९६४ च्या शरदात ती ९११ झाली. तोवर ९०१ या नावाच्या ८२ गाड्या बनून झाल्या होत्या.

सत्तरीच्या दशकात तर कारखान्याच्या प्रमुखांनाच हिचे दिवस भरले असे वाटत होते. एर्न्स्ट फुरमान यांच्या कारकिर्दीत १९७७ साली ९२८ आली. पुढे इंजिन, आठ सिलिंडर आणि पाण्याने थंड होणारी ही गाडी ९११ ची जागा घेईल असा अंदाज होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. त्यांनी पुढे स्वतःच अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, तांत्रिक विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीतील तक्त्यावर ९११ ची रेषा १९८१ अखेर संपलेली त्यांना दिसली. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेषा तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली. त्यामुळे गाडीला आणखी १७ वर्षे हवेच्या इंजिनाची मिळाली.

मृद्गंध

लेख आवडला. दोन शंका आहेत. इंजिन इतके मागे असेल तर वळणावर गाडी फिरकी घेणार हे शालेय भौतिकशास्त्रातही बसते. मग ते मध्ये का आणले नाही? आणि हवेने थंड करण्याचा आग्रह साठच्या दशकातही कशासाठी?

यंत्रवेध

पहिल्या शंकेचे उत्तर देतो; दुसरे कोयनाकाठ यांनी द्यावे, इंजिन हा त्यांचा प्रांत आहे.

इंजिन मध्ये आणले की मागची दोन आसने जातात, आणि फेरी पोर्शे यांना ती आसने हवी होती. शिवाय इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांवरच वजन असल्याने जागेवरून निघताना आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाके रस्ता घट्ट पकडतात. ब्रेक लावताना वजन पुढे झेपावते, तेव्हा चारही चाकांवर ते बरेचसे समान येते आणि मागचे ब्रेकही मन लावून काम करतात. हे फायदे शर्यतीत आणि घाटरस्त्यांत स्पष्ट दिसले. जानेवारी १९६५ च्या माँटे कार्लो रॅलीत हर्बर्ट लिंगे आणि पीटर फाल्क यांनी जवळजवळ नवी कोरी ९११ पाचव्या क्रमांकावर आणली, आणि १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे ती रॅली ९११ नेच जिंकली. पहिल्या वर्षी व्हिक एल्फर्ड आणि पुढची दोन वर्षे ब्योर्न वाल्डेगार्ड चालक होते. बर्फावर चालणारी रॅली जिंकणे हा या मांडणीच्या पकडीचा चांगला दाखला आहे.

तोटाही तितकाच खरा. दांड्याला धरून फेकलेला हातोडा जसा हवेत फिरून जड टोक पुढे काढू पाहतो, तशीच ही गाडी वळणाच्या मध्यावर प्रवृत्त होते. वेगात वळताना घाबरून चालकाने पेट्रोल सोडले की वजन पुढे सरकते, मागच्या टायरांची पकड हलकी होते, मागची चाके धरणाऱ्या तिरप्या आर्मच्या (दांड्यांच्या) रचनेमुळे चाकांचा कोनही नको तेव्हा बदलतो, आणि शेपूट सुटते. अनुभवी चालक म्हणूनच वळणाआधी वेग कमी करतो आणि वळणात पेट्रोल कायम ठेवतो.

सुरुवातीच्या उपायांमधला एक तर फारच रांगडा होता. पुढचा भाग हलका पडतो म्हणून कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोंची बिडाची वजने बसवली. खरा इलाज १९६९ च्या मॉडेलमध्ये आला. इंजिन जागेवरच ठेवून मागचे आर्म लांब केले आणि मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या मडगार्डांमध्ये बसवल्या. माझ्या दृष्टीने ९११ च्या आयुष्यातील सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच आहे, जरी प्रसिद्धी ९११ च्या टर्बो आणि कॅरेरा आरएस या प्रकारांना मिळाली. १९७२ च्या अखेरीस आलेल्या कॅरेरा आरएस २.७ ने मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा आणला. वेगात मागची बाजू उचलली जाण्याचा जोर त्याने कमी झाला. शर्यतीच्या नियमासाठी अशा ५०० गाड्या पुरेशा होत्या, विकल्या गेल्या १५८०. १९८९ च्या ९६४ या पिढीच्या ९११ मध्ये टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारे दांडे) जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या, आणि १९९३ च्या ९९३ या पुढच्या पिढीत मागचे सस्पेन्शन अनेक दांड्यांचे, संपूर्ण नवे झाले. शेपूट सुटण्याचा जुना दोष तिथे बहुतांशी संपला, म्हणजे मांडणी ठरल्यावर ३० वर्षांनी.

कोयनाकाठ

मृद्गंध, हवेचा आग्रह भावनिक नव्हता. रेडिएटर, पाण्याचा पंप, होज आणि पुढून मागे जाणारे नळ काढून टाकले की वजन आणि बिघाडाच्या जागा दोन्ही कमी होतात. त्या काळात पोर्शेच्या शर्यतीच्या गाड्याही हवेच्याच इंजिनांवर जिंकत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडचे ज्ञान याच दिशेने साठलेले होते.

हे इंजिन ज्यांच्या डोक्यातून आणि हातातून गेले त्यांत हान्स मेत्सगर यांचे नाव अग्रभागी घ्यायला हवे. तरुण फर्डिनांड पीएख, म्हणजे फेरी यांचे भाचे, हेही १९६३ मध्ये इंजिन विभागात दाखल झाले होते. सहा सिलिंडर तीन-तीन करून समोरासमोर आडवे, ८० मिलिमीटरचा व्यास आणि ६६ मिलिमीटरचा स्ट्रोक, १९९१ घनसेंटिमीटर, आणि १३० अश्वशक्ती. क्रँकशाफ्टला आठ मेन बेअरिंगे आहेत. दोन लिटरच्या इंजिनासाठी हा दिलदारपणाच म्हणायचा. प्रत्येक बाजूला साखळीने फिरणारा एक कॅमशाफ्ट आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधील अंतर ११८ मिलिमीटर ठेवले होते, आणि त्याच अंतरात पुढे २.२, २.४, २.७, ३.०, ३.२ आणि नेहमीच्या गाड्यांत अखेर ३.६ लिटरपर्यंत हे इंजिन वाढले. पहिल्याच दिवशी इतकी जागा राखून ठेवणाऱ्याला दूरदृष्टी होती यात शंका नाही.

आता मुख्य गोष्ट. हिला हवेने थंड होणारी म्हणतात, पण प्रत्यक्षात ती हवेने आणि ऑइलने थंड होते. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा फायबरग्लासच्या आवरणातून सिलिंडरांवर हवा फेकतो, आणि त्या पंख्याच्या पोटातच अल्टरनेटर बसवलेला असतो. पट्टा तुटला तर चार्जिंग आणि थंडावा एकदमच जातात. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला की या गाडीत तत्क्षणी बाजूला थांबायचे असते, घरी पोचून बघू असे म्हणायचे नसते. दुसरीकडे, ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठवलेले नसते. एक पंप ते इंजिनातून उपसून वेगळ्या टाकीत नेतो आणि दुसरा पंप टाकीतून ते पुन्हा दाबाने पाठवतो. त्यामुळे जोराच्या वळणातही पंपाला ऑइल मिळते, आणि इंजिन बुटके राहिल्याने खाली बसवता येते. सुरुवातीच्या गाडीतही ९ लिटर ऑइल मावत असे. १९६९ च्या ९११ एस मध्ये उजव्या पुढच्या मडगार्डात ऑइलचा वेगळा कूलर आला, म्हणजे रेडिएटर शेवटी पुढे आलाच, फक्त त्यात पाणी नव्हते.

१९७२ च्या मॉडेलमध्ये वजन थोडे पुढे आणण्यासाठी ऑइलची टाकी उजव्या मागच्या चाकाच्या पुढे घेतली आणि तिचे तोंड बाहेरून, मागच्या मडगार्डावर झाकणाखाली दिले. पेट्रोल पंपांवरच्या कर्मचाऱ्यांनी त्यातच पेट्रोल ओतल्याचे प्रकार घडले, आणि एका वर्षात ती रचना मागे घ्यावी लागली. अभियांत्रिकी दृष्टीने निर्णय योग्य होता; माणसे कशी वागतील याचा विचार राहून गेला. मला ही घटना विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते.

शिरीषफूल

कोयनाकाठ, टाकी वेगळी असेल तर ऑइलची पातळी तपासायची कशी? मी पाहिलेल्या सगळ्या गाड्यांत इंजिन बंद करून, थांबून मग काडी काढतात.

कोयनाकाठ

इथे नेमके उलटे आहे. इंजिन पूर्ण तापलेले, चालू, आयडलिंगवर आणि गाडी सपाट जमिनीवर असताना काडी बघायची. इंजिन बंद करून ठेवले की काही ऑइल टाकीतून हळूहळू इंजिनात उतरते; काडी कोरडी दिसते, अनभिज्ञ मालक दोन लिटर ओततो, आणि पुढच्या फेरीत जादा ऑइल हवेच्या फिल्टरकडे जाऊन निळा धूर निघतो. चालू होताना क्षणभर निघणारा धूर मात्र आडव्या सिलिंडरांचा स्वभाव आहे, त्याने घाबरू नये.

दूरचा_प्रवासी

मी स्टुटगार्टपासून फार दूर राहत नाही आणि माझ्याकडे १९८२ ची ९११ एससी आहे. बहुतेक कामे मी स्वतः करतो. त्यामुळे देखभालीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी गंज. इंजिन पैसे टाकून पुन्हा उभे करता येते, पण कुजलेला पत्रा गाडी खाऊन टाकतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि या गाडीत वेगळी चासी नसून पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. १९७६ च्या मॉडेलपासून संपूर्ण बॉडीच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा आला आणि कारखान्याने गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. त्याआधीच्या गाड्यांत दरवाज्याखालचे पोकळ पत्रे, पेट्रोल टाकीखालचा सस्पेन्शन पकडणारा भाग, १९६९ नंतरच्या गाड्यांतील बॅटऱ्यांचे कप्पे, हेडलाइटच्या वाट्या आणि मागचा टॉर्शन बारचा नळ या जागा टोचून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जस्ताच्या गाड्याही अमर नाहीत. अपघातानंतर जिथे कापून वेल्डिंग केले तिथले जस्त जळून गेलेले असते. एक साधी चाचणी सांगतो. गाडी बाजूच्या जॅकच्या जागेवर उचलावी आणि दरवाज्याच्या कडेची फट बघावी. फट बदलली किंवा दरवाजा अडकू लागला, तर खालचा पत्रा आतून गेलेला आहे.

दुसरी गोष्ट इंजिनातील धातूंची. वजन वाचवण्यासाठी १९६८ पासून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, मॅग्नेशियमची केली. दोन लिटरला ती पुरली, पण २.७ लिटरची उष्णता वाढल्यावर सिलिंडर हेड आवळून धरणाऱ्या पोलादी स्टडांचे आटे मऊ मॅग्नेशियममधून सुटू लागले. अमेरिकेसाठीच्या १९७५ ते १९७७ च्या गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टला थर्मल रिअॅक्टर जोडले होते, त्यांनी आगीत तेल ओतले. उपाय म्हणजे इंजिन पूर्ण खोलून आट्यांच्या जागी पोलादी बुश बसवणे. १९७८ च्या एससी पासून क्रँककेस अॅल्युमिनियमची आली आणि तो रोग संपला, पण दुसरा राहिला. खालच्या ओळीतील स्टड डिलावार नावाच्या मिश्रधातूचे होते. ते अॅल्युमिनियमबरोबर प्रसरण पावतात हे खरे, पण ओलाव्याने त्यांवर खड्डे पडतात आणि एखादा स्टड गाडी उभी असतानाही तुटतो. टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, खालची झाकणे उघडतोच, तेव्हा तुटलेला तुकडा किंवा सुटा नट हाताला लागतो. म्हणून टॅपेटचे काम दुसऱ्याला दिले तरी त्या वेळी शेजारी उभे राहावे. एकूण १२ व्हॉल्व्ह, फट ०.१ मिलिमीटर, आणि इंजिन पूर्ण थंड. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी हे काम करावे.

कॅमशाफ्टच्या साखळ्या ताणून धरणारे टेन्शनर १९८३ पर्यंत बंद प्रकारचे होते. आतील दाब गेला की साखळी सैल होते, दात चुकतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. १९८४ च्या कॅरेरा ३.२ मध्ये इंजिनाच्या ऑइलच्याच दाबावर चालणारे टेन्शनर आले, आणि ते जुन्या इंजिनातही बसतात. अस्सलपणाचा कितीही आग्रह असला तरी हा एक बदल करावाच.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवणाऱ्यांनी पंख्याच्या आवरणाखाली उंदरांचे घरटे आहे का ते वसंतात आधी बघावे. दोन सिलिंडरांवर गवत साचले की तेवढेच दोन तापून निकामी होतात. इंजिनाभोवतीचे पत्र्याचे तुकडे कुणी बिनकामाचे समजून काढून टाकले असतील तर परत बसवावेत. गरम हवा खाली आणि थंड हवा वर ठेवण्याचे काम तेच करतात. पेट्रोलचे रबरी होज वय झाले की बदलावेत, दिसायला चांगले असले तरीही. इंजिन बंदिस्त खोलीत असते, होज गळला तर गरम एक्झॉस्ट जवळच आहे, आणि मॅग्नेशियम पेटले तर विझवणे फार अवघड असते.

जुनी_वही

आपल्याकडच्या रस्त्यांवर या गाडीने केलेल्या एका कामगिरीची नोंद इथे व्हायला हवी. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडन ते सिडनी मॅरेथॉन सुरू झाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असे करत गाड्या दिल्लीला आणि तिथून मुंबईला आल्या. मुंबई बंदरात त्या 'चुसान' या जहाजावर चढवल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. पोलंडचे सोबिएस्लाव झासादा यांनी आपली ९११ सिडनीपर्यंत नेऊन चौथा क्रमांक मिळवला. नाजूक स्पोर्ट्स कार अशी हिची प्रतिमा असेल तर हा प्रवास आठवावा. रेडिएटर नसलेल्या गाडीला दगड लागून पाणी वाहून जाण्याची भीती नव्हती, हा कोयनाकाठ यांच्या मुद्द्याला पूरक असा तपशील आहे.

मृद्गंध

सगळी उत्तरे वाचली, आभार. आता वेगळा प्रश्न. जुनी गाडी पूर्ण नवी करावी की जशी आहे तशी जपावी? जुन्या ९११ कापून त्यांत आधुनिक इंजिने बसवणाऱ्या कार्यशाळा हल्ली बऱ्याच दिसतात.

यंत्रवेध

२०१४ मध्ये जर्मनीतील एका कोठारात १९६४ ची ९०१ सापडली, क्रमांक ५७. पोर्शे संग्रहालयाकडे त्या ८२ पैकी एकही नव्हती. गाडीची पुढची मडगार्डे नाहीशी झालेली होती आणि पत्रा खूप कुजला होता. संग्रहालयाने त्याच काळातील गाड्यांचे भाग मिळवून, जुना पत्रा शक्य तितका राखून सुमारे तीन वर्षे काम केले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. माझ्या मते हाच मार्ग योग्य आहे. बदल करावाच लागला तर तो पुन्हा उलटवता येईल असा असावा. टेन्शनर बदलता येतो आणि परतही लावता येतो, कापलेली बॉडी परत जोडली तरी ती बॉडी राहत नाही.

दूरचा_प्रवासी

सहमत आहे, एका दुरुस्तीसह. जर्मनीत ३० वर्षांवरील गाडीला 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते. तिला वार्षिक कर ठरावीक, साधारण १९२ युरो आहे, आणि जुन्या गाड्यांना बंदी असलेल्या शहरी भागातही ती जाऊ शकते. त्यासाठी तपासनीसाला गाडी तिच्या काळाशी सुसंगत आणि सुस्थितीत आहे याची खात्री पटावी लागते. त्यामुळे तुम्ही म्हणता ती शिस्त इथे काही अंशी कायद्यातच आहे, मालकाच्या सदिच्छेवर सोडलेली नाही.

शिरीषफूल

माझी बहीण म्युनिकला असते आणि तिथेच वापरण्यासाठी अशी गाडी घ्यायचा विचार करते आहे. दर रविवारी चालवेल, संग्रहात ठेवणार नाही. कोणत्या वर्षांची बघावी?

दूरचा_प्रवासी

१९७८ ते १९८९, म्हणजे एससी किंवा कॅरेरा ३.२. पत्र्यावर जस्त, अॅल्युमिनियमची क्रँककेस, आणि इंजेक्शन असल्याने कार्बोरेटर जुळवत बसावे लागत नाही. एससी मध्ये हवेच्या बॉक्सवर दाब सोडणारी झडप बसवली आहे का ते विचारावे. ती नसेल तर थंड इंजिनाच्या एका उलट्या फटक्यात प्लास्टिकचा बॉक्स फुटतो. १९८७ पासून जी५० गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक क्लच आले. त्याआधीचा ९१५ गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर सावकाश टाकावा लागतो, घाई केली तर सिंक्रोनायझर झिजतात. विक्रेत्याला आधीच कळवावे की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड सुरुवात ऐकावी, अर्धा तास चालवून ऑइलचा दाब पुन्हा बघावा, मग गॅरेजमध्ये सहाही सिलिंडरांची गळती-चाचणी करून घ्यावी आणि खालची झाकणे उघडून स्टड मोजावेत. विक्रेता झाकणे उघडू देत नसेल तर बहिणीला म्हणावे, तिथून निघ आणि दुसरी गाडी बघ. आणि घेतल्यावर ती रविवारी १० मिनिटांसाठी काढू नये; ऑइल पूर्ण तापेल इतकी तरी चालवावी, नाहीतर आतला ओलावा ऑइलमध्येच राहतो.